अर्ध्या चाकाची स्की

ओसरीच्या भिंतीवर मी खडूने तीन रेघा ओढल्या होत्या. १७२, १८० आणि १८८ सेंटिमीटरवर. माझी उंची १७१. पाठ भिंतीला लावून उभा राहायचो, हात वर नेऊन कोणती रेघ डोक्याच्या किती वर जाते ते चाचपायचो. आईनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "नवीन दार कराचं हाये का?"

दार नव्हतं, स्की होती. २०२३ चा ऑगस्ट. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीजवळच्या गावात बसून मी बर्फावर घसरायच्या पट्ट्या निवडत होतो, आणि बाहेर पाऊस असा की धानाच्या बांध्या तुडुंब.

हे वेड लागलं कसं, ते थोडक्यात सांगतो. आमचं धान एकपिकी. कापणी झाली, पुंजणे घातले, धान चुरलं आणि सरकारी खरेदी केंद्रावर नेऊन टाकलं की बांधीत उतेऱ्याची लाखोळी नि जवस तेवढी राहते, आणि तिला माणसाची फार गरज नसते. जानेवारी-फेब्रुवारी हे आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे दिवस. २०२० च्या फेब्रुवारीत मी नाटकं सोडून गुलमर्गला गेलो. पर्यटन मंत्रालयाची तिथे स्कीइंग शिकवणारी संस्था आहे, राहणं-खाणं-साहित्यासकट चौदा दिवसांचा बेसिक कोर्स होता. कॉलेजच्या मित्रानं फॉर्म भरला म्हणून मीही भरला. तो नंतर कधी गेला नाही. मी दरवर्षी जातो. गावात मला 'बर्फवाला' म्हणतात, उन्हाळ्यात गोळेवाल्याला म्हणतात तसं.

चार वर्षं भाड्याच्या स्कीवर काढली. भाड्याची स्की म्हणजे भाड्याची सायकल. चालते, पण कुठली चेन कधी उतरेल सांगता येत नाही. २०२२ मध्ये एका दुकानातून घेतली, तिचं बाइंडिंग माझ्याआधीच्या गिऱ्हाइकासाठी लावलेलं होतं, आणि तो माझ्यापेक्षा बराच जड असणार. बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग. पडताना किती जोर लागला की बूट सुटावा, हे त्यावरच्या डिन आकड्यावर ठरतं. तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक चालवता यावरून काढायचा असतो. दुकानदारानं मला फक्त चपलेचा नंबर विचारला. दुसऱ्या दिवशी हळूच पडलो, अगदी लाजिरवाणा वेग, पण स्की सुटली नाही आणि गुडघा तिच्याबरोबर वळला. त्या खरिपात मी बांधीत उतरलोच नाही, धुऱ्यावर बसून रोवणाऱ्या बायांच्या रोज्या मांडल्या. दुकानाचं नाव सांगून आता काय होणार? चूक माझीही होती, मी आकडा विचारला नाही.

त्या वर्षापासून ठरवलं, आपलं सामान आपलं. आधी बूट घेतले. हे कोणी नवशिक्यानं वाचत असेल तर त्याला सांगतो, स्कीच्या आधी बूट. स्की चुकली तर मजा कमी होते, बूट चुकला तर दिवसच जातो. बुटांना वर्षभर मुरू दिलं, मग स्कीकडे वळलो.

आता स्कीबद्दल थोडं. नव्या माणसाला वाटतं, स्की म्हणजे लांब फळी. पण तिच्यावर तीन आकडे लिहिलेले असतात, टोकाची, कमरेची आणि शेपटाची रुंदी, मिलीमीटरमध्ये. मधला आकडा, म्हणजे बुटाखालची कंबर, सगळ्यात महत्त्वाचा. कंबर ८५ च्या आत असेल तर ती दाबून सारख्या केलेल्या घट्ट उतारावरची, पिस्टवरची स्की. ९५ ते १०५ म्हणजे सगळीकडे जाणारी, जराशी रुंद. ११० च्या वर गेलं की पावडरची, ताज्या भुसभुशीत बर्फात तरंगणारी.

रुंद का तरंगते, हे धानवाल्याला शिकवावं लागत नाही. कंबर, टोक, शेपूट सगळीकडे २५ मिलीमीटर वाढवले तर १८० सेंटिमीटर लांबीत एका स्कीला ४५० चौरस सेंटिमीटर जागा वाढते. एक वीत लांब, एक वीत रुंद असा तुकडा. तेवढ्यानं माणूस बर्फात कमी रुततो. पण रुंदीची किंमत पिस्टवर मोजावी लागते. घट्ट बर्फात वळायचं म्हणजे स्की एका कडेवर उभी करायची. कंबर रुंद असेल तर कड पायाच्या मध्यापासून लांब जाते, तिच्यावर उभं राहायला गुडघा जास्त आत ढकलावा लागतो आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला वेळही जास्त लागतो.

हे मला २०२३ च्या फेब्रुवारीत कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. त्या वर्षी मी ११८ कमरेची स्की भाड्यानं घेतली, कारण गोंडोल्यात, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेत, सगळे गोरे लोक तसलीच घेऊन उभे असायचे. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा. पहिला गुलमर्गवरून, साधारण २,६५० मीटरवरून, कोंगदूरीला नेतो, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. वर पिस्ट नाहीच, सगळा मोकळा डोंगर. पहिल्या दिवशी रात्रभर पडलेला बर्फ गुडघ्याच्या वर होता. अहाहा, काय दिवस होता तो! स्की दिसतच नव्हती, मी छातीपासून खाली एका पांढऱ्या ढगात होतो आणि ढग माझ्याबरोबर वळत होता. पुढचे तीन दिवस कडक ऊन, रात्री कडाका. तोच बर्फ दिवसा ओला, सकाळी काचेसारखा. ११८ ची ती दोन दारं काचेवर खडखड वाजायची, आणि चौथ्या दिवशी मी दुपारी दोनला स्की खांद्यावर टाकून खाली चहा प्यायला बसलो.

तरी पावसाळ्यात माणूस कोणता दिवस आठवतो? पहिलाच. ऑगस्टमध्ये मोबाइलवर मी ११६ च्या खाली बघतच नव्हतो. आमच्या गावात नेटवर्क फक्त वरच्या पारावर येतं, तिथे छत्री धरून फोटो पाहत बसायचो.

बाबांनी एकदा विचारलं, काय पाहतोस. मी सगळं सांगितलं. रुंद, अरुंद, भुसभुशीत, घट्ट. बाबा तिसरी शिकलेले, बर्फ त्यांनी फ्रीजमध्येच पाहिला. पण ट्रॅक्टर त्यांनी बारा वर्षं भाड्यानं चालवला आहे, अर्ध्या तालुक्याची चिखलणी केली आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुही गाडी किती रोज चिखलात राह्यते अन् किती रोज सडकेवर, ते मोज ना गा बापू."

मला राग आला. मग मी मोजलं.

माझ्याकडे एक जुनी डायरी आहे, धानाच्या पोत्यांच्या हिशोबाची, तिच्यात मागच्या बाजूनं मी बर्फाचे दिवस लिहितो. चार हंगामांत मिळून स्कीवरचे दिवस ३८. त्यातले गुडघाभर ताज्या पावडरचे किती असतील? मला वाटलं पंधरा तरी. निघाले पाच. घट्ट पिस्टवरचे किंवा कोर्सच्या उतारावरचे १९. उरलेले १४ त्या मधल्या बर्फाचे, ज्याला नाव नाही. कालची पावडर, आज पन्नास जणांनी तुडवलेली, ऊन खाल्लेली, ढेकळं झालेली. नांगरून सोडलेल्या वावरात पाऊस पडून वाळल्यावर जसं होतं, तसं.

पाच. मी डायरी दोनदा उलटीपालटी करून पाहिली.

आमच्या ट्रॅक्टरला चिखलणीसाठी दोन प्रकारची लोखंडी चाकं मिळतात. एक पूर्ण केजव्हील, ज्यात रबरी चाक काढून लोखंडी बसवायचं. बांधीत राजा, सडकेवर शत्रू. डांबर उकरतं म्हणून त्यावर बंदीही आहे. दुसरं अर्धं चाक. ते रबरी टायरच्या बाजूला बसतं आणि त्याचा घेर टायरपेक्षा जरा लहान असतो. त्यामुळे कडक जमिनीवर ते हवेत राहतं, सगळं वजन टायर घेतो. चिखलात टायर रुतला की तेवढ्यात लोखंड जमिनीला लागतं आणि चाक एकदम रुंद होतं. आम्ही अर्धं चाक वापरतो, कारण आमच्या बांध्या विखुरलेल्या आहेत. दोन किलोमीटर सडक, मग एक बांधी, मग पुन्हा सडक.

स्कीच्या बाजूनं पाहिलं की मला हे लगेच दिसायला हवं होतं. रुंद स्कीची टोकं वर वाकवलेली असतात, त्याला रॉकर म्हणतात. बुटाखालचा भाग उलट, कमानीसारखा, तो कॅम्बर. घट्ट बर्फावर वजन पडलं की कमान दबते, मधली कड पूर्ण लागते आणि वाकलेली टोकं हवेत राहतात, म्हणजे स्की आहे त्यापेक्षा आखूड आणि चपळ होते. भुसभुशीत बर्फात मात्र ती टोकंही टेकतात, सगळी लांबी-रुंदी कामाला लागते. १०० च्या आसपासची, मध्ये कॅम्बर आणि दोन्ही टोकांना रॉकर असलेली स्की म्हणजे अर्धं चाक. ११६ म्हणजे पूर्ण केजव्हील, आणि माझ्या डायरीत सडकच सडक.

या रुंद स्कीचा जन्मसुद्धा अशाच वेल्डिंग दुकानी जुगाडातून झाला आहे. ऑस्ट्रियाच्या ॲटॉमिक कंपनीतल्या रुपर्ट हूबर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी स्नोबोर्ड मधोमध उभा कापला आणि त्याची स्की केली, तिथून ही जात सुरू झाली. पुढे शेन मकॉन्की या स्कीअरनं पाण्यावरच्या स्कीकडे पाहून उलटी वाकवलेली स्की बनवून घेतली. सॉलोमन कंपनीनं १९९८ मध्ये 'टेनएटी' काढली, शेपूटही टोकासारखं वर वळलेलं, उलटं उतरता यावं म्हणून. आज दुकानातल्या शंभर कमरेच्या बहुतेक स्कीत या तिघांचं थोडं थोडं रक्त आहे.

रुंदी ठरली, पण निम्माच प्रश्न सुटला. कारण १०० ची स्की म्हटली तरी एक गाय असते, एक रेडा. नॉर्डिका एन्फोर्सर १०० आणि ॲटॉमिक बेंट १००, दोघींची कंबर तेवढीच. एन्फोर्सरमध्ये लाकडाच्या जोडीला धातूचे दोन पत्रे आहेत. वेगात ती हलत नाही, पण ती चालवायला माणूसही तसाच दणकट लागतो. बेंट हलकी, नरम, टोकं वळायला तयार. के२ ची रेकनर १०२ त्याहून लवचिक. अशा स्कीला 'प्लेफुल' म्हणतात, खेळकर. उडी मारा, उलटं वळा, शेपूट घसरवून वेग मोडा, ती रागावत नाही.

बाबांना मी हा शब्द सांगितला. "खेळकर म्हंजे गोऱ्हाच ना," ते म्हणाले. "मंग जू ठेवून पाहा, घरी बसून कोणी गोऱ्हा घेत नाय."

खरं होतं. आतापर्यंत मी रेघा ओढून, फोटो पाहून, व्हिडिओतल्या पंचवीस वर्षांच्या पोरांना पाहून ठरवत होतो, आणि ती पोरं ज्या उंचीवरून उडी मारतात त्या उंचीवर मी शिडी लावून चढतो. तेव्हा ठरवलं, १०० च्या जवळच्या, खेळकर, १७२ ते १८० लांबीच्या दोन-तीन स्की त्या डोंगरावर चालवून पाहायच्या. मगच पैसे.

पैसे म्हणजे धान. केंद्रावर आमचं धान डिसेंबरच्या सुरुवातीला गेलं, हमीभाव २,१८३ रुपये क्विंटल. चुकारे पंधरा दिवसांत येतात म्हणतात, आम्हाला सहा आठवडे लागले. केंद्रावर जाऊन विचारलं की पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात विचारलं की पोर्टल. मी दर सोमवारी बँकेत पासबुक भरायला जायचो आणि यंत्र कागद कोरा सोडायचं. जानेवारीच्या मध्यात आले. नागपूरवरून हिमसागरचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.

पण तिकडे बर्फच नव्हता. जानेवारी २०२४ गुलमर्गला कोरडा गेला. मी पोहोचलो तेव्हा उतारांवर पिवळं गवत, गोंडोल्यात फोटो काढणारे पर्यटक, आणि स्की भाड्यानं देणारे दुकानाच्या पायरीवर कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, घेऊन बसलेले. आमच्याकडे जुलैत पाऊस लांबला की कास्तकार बांधाच्या कडेला जसे बसतात, अगदी तसेच. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या. मी एका ओळखीच्या मुलाच्या घरी राहिलो, टंगमर्गच्या बाजूला. रोज सकाळी आम्ही दोघं दार उघडून वर पाहायचो. त्याचे वडील म्हणायचे, चिल्लाई कलान संपायच्या आत पडेल. चिल्लाई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे चाळीस दिवस, आपल्या नक्षत्रांसारखा हिशोब. आणि खरंच, जानेवारीच्या अगदी शेवटच्या दिवसांत पडायला लागला. दोन रात्री पडतच राहिला.

मग मी तीन दिवसांत तीन स्की चालवल्या.

पहिल्या दिवशी मुद्दामच ११६. मनातून तो खिळा निघत नव्हता. अफरवटवरून पहिली उतरण स्वप्नासारखी. दुसरीही. तिसऱ्या उतरणीला लोकांनी सगळं कापून टाकलं होतं आणि दुपारी कोंगदूरीवरून खाली गुलमर्गकडे येणाऱ्या दाबलेल्या वाटेवर माझे गुडघे पुन्हा २०२२ ची आठवण काढायला लागले. खिळा निघाला.

दुसऱ्या दिवशी धातूच्या पत्र्याची, ९८ कमरेची कडक स्की. सकाळी पिस्टवर ती रेल्वेसारखी. कड लावली की रूळ. पण झाडांमध्ये, ढेकळ्या बर्फात मी तिला वळवायचो तेव्हा ती आधी मला विचारायची की नक्की वळायचं आहे का, आणि तोवर देवदार जवळ आलेलं असायचं. ६८ किलोच्या माणसाला एवढी शिस्त झेपत नाही. माझ्या जागी नव्वद किलोचा, वेगाचा शौकीन असता तर त्यानं हीच घेतली असती, आणि बरोबर केलं असतं.

तिसरी एका फिनलंडच्या माणसाची. तो महिनाभर राहून परत निघाला होता आणि विमानाचं सामान हलकं करायला आपली जादाची जोडी विकत होता. गुलमर्गला हंगामाच्या शेवटी असे बरेच जण असतात, आणि नवी स्की भारतात मिळणं इतकं अवघड आणि महाग की आमच्यासारख्यांचा बाजार तोच. कंबर १००, लांबी १८०, दोन्ही टोकं वळलेली, मध्ये कॅम्बर, धातू नाही. रंगावर ओरखडे, एका टोकाला कोणीतरी चिकटवलेलं बेडकाचं स्टिकर.

विकत घ्यायच्या आधी तपासलं कसं, ते जरा नीट सांगतो. बैल घेताना दात पाहतात तसं आहे ते. स्की उलटी करून तळ पाहायचा. तळाच्या काळ्या प्लास्टिकमध्ये ओरखडे चालतात, पण लाकूड दिसेल इतका खड्डा नको. मग नखानं पूर्ण कड चाचपायची, पोलादी कडेला तडा आहे का. बाजूची भिंत कुठे उकललेली नाही ना, कारण तिथून पाणी आत जातं आणि लाकूड फुगतं. दोन्ही स्की तळाला तळ लावून धरायच्या आणि उजेडासमोर नेऊन मधली फट पाहायची. कमान दोघींची सारखी हवी, एक थकलेली असली की लगेच दिसतं. शेवटी टोक जमिनीला टेकवून मध्ये हात दाबायचा. टोक आणि शेपूट मऊ वाकले, बुटाखाली घट्ट राहिली. मला हवं होतं तसं. बाइंडिंगचे ब्रेक ११० रुंदीचे, म्हणजे १०० कमरेला बरोबर. ९० चे असते तर बसलेच नसते. माझ्या बुटाचा तळ ३०५ मिलीमीटर, त्याचं बाइंडिंग रुळावर सरकणारं, तेवढं पुढं-मागं होत होतं.

आणि तिथेच मला असं एक कळलं, जे चार महिने मोबाइल घासून कळलं नव्हतं. त्यानं बाइंडिंग जवळजवळ मधोमध बसवलं होतं, स्कीच्या खऱ्या मध्यापासून फक्त दोन सेंटिमीटर मागे. तो उड्या मारणारा, उलटा उतरणारा, त्याला दोन्हीकडे सारखी लांबी हवी. सकाळी पिस्टवर मी गिरकीसारखा वळत होतो, मजा येत होती. पण झाडांतल्या उरलेल्या पावडरमध्ये टोक खाली जायला लागलं. पुढे लांबी कमी, वजन पुढे. मांडीत पेटके यायला लागले, कारण टोक वर ठेवायला मी मागे झुकून बसत होतो. मी त्याला सांगितलं, स्की बुडते. तो हसला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि गोंडोल्याच्या रांगेतच बाइंडिंगचे दोन्ही भाग दीड सेंटिमीटर मागे सरकवले. पुन्हा वर गेलो. जरा बरं. पुन्हा दीड. आता मध्यापासून पाच सेंटिमीटर मागे. त्या उतरणीत टोक आपोआप वर आलं आणि मी सरळ उभा राहिलो. गिरकी थोडी कमी झाली, पण मी कुठे सर्कशीत आहे? त्यानंतर पिस्टवर आलो. खांदा टाकला, गुडघा आत घेतला, कड लागली, आणि मागे पाहिलं तर बर्फात पेन्सिलीनं ओढल्यासारख्या दोन बारीक रेघा. ११८ वर मला अशा रेघा कधी जमल्या नव्हत्या.

तीन सेंटिमीटरनं त्याच स्कीची दुसरी स्की झाली. मी चार महिने कमरेचे मिलीमीटर मोजत होतो आणि माणूस कुठे उभा राहतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. नांगराची रुमणी आणि फाळ याबद्दल आमच्याकडे माणसं तास-तास बोलतात, मी मात्र इथे ते विसरलो.

डिनचा आकडा त्यानं माझं वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी विचारून तक्त्यावरून लावला, मग मी खाली एका तंत्रज्ञाकडून पुन्हा तपासून घेतला. बत्तीस हजार दिले. साडेचौदा क्विंटल धान आणि वर थोडं. आईला मी अजून आकडा सांगितलेला नाही. तिनं विचारलंही नाही, म्हणजे तिला माहीत असावा.

रुंद स्की घेतली म्हणून मी पहारा असलेल्या भागाच्या बाहेर जात नाही, हेही इथेच सांगतो. माझ्या परतीनंतर, २२ फेब्रुवारीला, गुलमर्गच्या डोंगरावर हिमकडा कोसळून एक परदेशी स्कीअर गेला. स्की कितीही तरंगणारी असली तरी कोसळणारा डोंगर तिला ओळखत नाही. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला हुडकायचं शोधयंत्र, फावडं, सळई आणि ती वापरायचा सराव नसेल तर गस्तीवाले सोडतील तेवढंच. माझ्याकडे यंत्र नाही, म्हणून मी दोरीच्या आतच.

परतीच्या गाडीत १८० ची पिशवी खालच्या बर्थखाली तिरकी घातली, तरी बोटभर बाहेर. इटारसीपर्यंत तीन जणांनी विचारलं. एकाला वाटलं फवारणीचे पाइप, एकाला बॅनरचे दांडे. तिसऱ्या काकांनी काही न विचारता तिच्यावर पाय ठेवून झोप काढली.

घरी आल्यावर मी अंगणात पिशवी उघडली. बाबा खाटेवरून उठून आले. त्यांनी आधी लाकडाच्या दुकानात फळी पाहतात तशी एक डोळा मिटून स्की पाहिली, मग सारवलेल्या जमिनीवर ठेवली. मधली कमान जमिनीपासून वर होती, त्यांनी खालून तणसाची एक काडी आरपार सरकवली. चप्पल काढली आणि अनवाणी वर उभे राहिले. कमान बसली, काडी दाबली गेली. टोकं दोन्हीकडे हवेतच. ते खाली वाकून टोकाखाली बोट घालून पाहत राहिले.

"हे त आपलं अर्धं चाक हाये," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं. त्यांनी बाइंडिंगवरून हात फिरवला. दोन्ही बाजूंना खाली आलेले ते दोन लोखंडी पाय त्यांना दिसले.

"हा कायचा?"

"ब्रेक."

"मंग उतारावर दाबाचा कसा?"

"दाबाचा नसते बाबा. बूट आत बसला की तो वर जाते. पडलो अन् बूट सुटला की खाली येते, स्की एकटी पळून जाऊ नये म्हणून."

बाबांनी एकदा ब्रेककडे पाहिलं, एकदा माझ्या गुडघ्याकडे.

"म्हंजे मानूस पडल्यावर ब्रेक लागते," ते म्हणाले, आणि चप्पल घालून ट्रॅक्टरकडे गेले.